शेजारचे विरजण

कल्याणच्या जुन्या वाड्यांत घरचे विरजण संपले, की वाटी घेऊन शेजारी जाण्याचा प्रघात होता. शेजारीण चमचाभर दही वाटीत घाली; रात्री ते कोमट दुधात मिसळले, की सकाळी भांडेभर दही लागलेले असे. आता दही पिशवीतून विकत येते खरे, तरी विरजण मागण्यास येणारी वाटी अजून अगदीच दिसेनाशी झालेली नाही.

त्या चमचाभर दह्याबरोबर कोट्यवधी जीवाणू एका घरातून दुसऱ्या घरात जात असतात. लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा त्यांपैकीच एक. दुधातील साखरेचे आम्ल करावे, हा त्याचा व्यवसाय. परंतु मौज अशी, की या व्यवसायाची विद्या, म्हणजे त्यासाठी लागणारी जनुके, पुष्कळदा त्याच्या मुख्य गुणसूत्रावर नसतातच. डीएनएचे एक लहानसे सुटे वर्तुळ त्याच्या पेशीत असते, त्यावर ती असतात. या वर्तुळास प्लास्मिड म्हणतात. प्लास्मिड हरवले, की तोच जीवाणू दूध आंबवण्यात मागे पडतो; आणि ज्याच्यापाशी ते नाही, त्याला दुसऱ्या जीवाणूकडून ते मिळूही शकते. शेजारणी विरजण देतात, तसे विरजणातील जीवाणूही आपसांत देवघेव करतात!

मनुष्याला जनुके मिळतात ती आईबापांकडून. वारसा वरून खाली येतो. शेजाऱ्याचे नाक किंवा डोळे कोणी उसने आणू शकत नाही. जीवाणूंनाही असा वारसा असतोच, कारण एका पेशीच्या दोन होताना जनुकांची नक्कल दोहींकडे जाते. परंतु त्याखेरीज त्यांना आडव्या वाटाही मोकळ्या आहेत. या वाटांपैकी पहिलीचा माग इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांना 1928 साली लागला. न्यूमोनियाचे निरुपद्रवी जिवंत जीवाणू आणि उष्णतेने मारलेले घातक जीवाणू एकत्र करून त्यांनी उंदरांना टोचले, तो उंदीर मेले. मेलेल्यांचा गुण जिवंतांनी उचलला होता. तो डीएनएच्या रूपाने उचलला जातो, हे पुढे 1944 साली सिद्ध झाले. दुसरी वाट लेडरबर्ग व टेटम यांनी 1946 साली दाखविली. तीत दोन जीवाणू एकमेकांस भिडतात आणि एकाचा डीएनए दुसऱ्यात उतरतो. तिसरीत मध्यस्थ असतो तो विषाणू. जीवाणूला ग्रासणारा हा विषाणू एका पेशीतून निघताना तिच्या डीएनएचा तुकडा चुकून बरोबर नेतो आणि दुसऱ्या पेशीत सोडतो.

ही देवघेव दह्यापुरती असती, तर तिची एवढी चर्चा झाली नसती. 1950 नंतरच्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या रोग्यांवर एकाच वेळी चार औषधे निरुपयोगी ठरू लागली. चार औषधांना तोंड देण्याची शक्ती एका जीवाणूने एकदम कशी कमावली, हे कोडेच होते. आतड्यातील दुसऱ्याच जातीचे, ई. कोलाय नावाचे जीवाणू आमांशाच्या जीवाणूंबरोबर वाढविले असता ही शक्ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, असे 1959 साली आढळून आले. चारही गुण एकाच प्लास्मिडवर बसून आले होते. विनाकारण घेतलेले जीवाणुनाशक औषध का घातक, याचे उत्तर येथे आहे. त्या औषधाने आतड्यातील दुबळे जीवाणू मरतात, टिकाऊ तेवढे उरतात. आणि उरलेल्यांपाशी देण्यासारखे पुष्कळ असते.

सर्वच जीवाणू असे देणारे-घेणारे नसतात. कल्याणास 1865 साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि 1887 साली ऐन तारुण्यात क्षयाने गेल्या. त्या रोगाचा जीवाणू रॉबर्ट कॉख यांनी पाचच वर्षे आधी शोधला होता. त्यावरील औषध मात्र त्या काळी कोणापाशीच नव्हते. हा जीवाणू मोठा एकलकोंडा. तो इतरांकडून जनुके उसनी घेताना आढळत नाही. औषध अर्धवट सोडले, की त्याच्या स्वतःच्याच जनुकांत घडलेल्या बदलांपैकी उपयोगी बदल टिकून राहतात आणि औषध लटके पडते.

आता प्रश्न येतो तो वर्गीकरणाचा. जो गुण आज आहे व उद्या शेजाऱ्याकडे जाईल, त्यावरून कूळ कसे ठरवावे? आरंभी शास्त्रज्ञ आकार पाहत. गोल, दंडाकृती, मळसूत्री असे भेद करीत. 1884 साली ग्राम यांनी रंग देण्याची पद्धत शोधली, तिचाही आधार झाला. पण वरवरचे साम्य फसवते. विरजणातील आपला लॅक्टोकॉकस कित्येक वर्षे स्ट्रेप्टोकॉकसांच्या कुळात नांदत होता. 1985 साली त्याचे बिऱ्हाड वेगळे झाले.

प्रत्येक पेशीत प्रथिने घडविणारे रायबोसोम असतात. त्यांच्या एका भागाचे जनुक सुमारे 1,500 अक्षरांचे आहे. त्यावाचून पेशीचे चालत नाही आणि ते सहसा उसने दिले-घेतले जात नाही. कार्ल वूस यांनी रायबोसोमचा हाच भाग निरनिराळ्या जीवांत ताडून पाहिला आणि 1977 साली जाहीर केले, की जीवाणू समजले जाणारे काही जीव वस्तुतः जीवाणू नव्हेतच. त्यांना आर्किया म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झाले, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या आर्कियांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले. अशांपैकी एकाचे नाव आजही हॅलोबॅक्टेरियम असेच आहे. नाव बदलण्याचे राहून गेले. या मंडळींतही जीवाणूंकडून आलेली जनुके आढळतात, हे आणखी विशेष.

नव्या जीवाणूला नाव द्यायचे, तर त्याचा जिवंत नमुना निरनिराळ्या दोन देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात असा एक मोठा संग्रह आहे. कोरडे करून काचेच्या बंद नळ्यांत किंवा कडक थंडीत निजवून ठेवलेले हे जीवाणू वर्षानुवर्षे तसेच राहतात. कोणा संशोधकाने रीतसर मागणी केली, की त्यांतील थोडेसे त्याच्याकडे धाडले जाते. पोषक द्रवात घातले, की ते जागे होऊन पुन्हा वाढू लागतात.