विश्लेषण : माळावर सोडलेले तट्टू हाती का लागत नाही?

रात्री चरायला सोडलेले तट्टू सकाळी म्होरकी घालू देते की हुलकावणी देऊन निघून जाते, यावर मेंढपाळांच्या वाड्याचा अख्खा दिवस ठरतो. माथेरानचा घोडेवाला असो की हौसेने शेतावर एखादी घोडी पाळणारा, हा अनुभव सगळ्यांनाच येतो. घोडा असा का वागतो आणि त्याला धावपळ न करता कसे धरायचे, याचा हा आढावा.

प्रश्न एवढा महत्त्वाचा का?

पुणे, सातारा, सांगली, अहिल्यानगर भागांतील धनगर मेंढपाळ दसरा-दिवाळीनंतर मेंढरे घेऊन बाहेर पडतात. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात. पुरुष मेंढरांमागे जातात आणि बिऱ्हाड हलवण्याचे काम प्रामुख्याने बायकांकडे असते. भांडी, अंथरुणे, धान्य, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, कधी एखादे लहान मूल, असा सगळा संसार तट्टांच्या पाठीवर चढतो. चारांपैकी एक तट्टू हाती लागले नाही तर त्याचे ओझे उरलेल्या तिघांवर टाकावे लागते, किंवा मुक्काम लांबतो. तो लांबला की पुढच्या गावात मेंढरे बसवण्यासाठी शेतकऱ्याला दिलेला शब्द मोडतो. शिवाय हल्ली माळाच्या कडेनेच चौपदरी रस्ते गेले आहेत. पाठलागाने बिथरलेले जनावर डांबरीवर आले तर त्याचा आणि दुचाकीस्वाराचाही जीव जाऊ शकतो.

हे तट्टू म्हणजे बहुतेकदा भीमथडी. मराठा घोडदळाचे आणि आता राज्यगीतामुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेले नाव. हरियाणातील करनालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद केली आहे. अंगाने लहान, काटक, कमी चाऱ्यावर भागवणारे हे जनावर डोक्याने मात्र अजिबात लहान नाही.

तट्टू पळते ते खोडीमुळे की भीतीमुळे?

‘खोडकर आहे’ असे म्हणून मालक मोकळा होतो, पण कारण बहुधा साधे असते. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. संशय आला की आधी अंतर वाढवायचे आणि विचार नंतर करायचा, ही त्याची जन्मजात रीत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळपास ३५० अंशांचा परिसर दिसतो. कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे तेवढे त्याला दिसत नाही. म्हणजे आपण नेमके समोरून तोंडाकडे हात नेतो किंवा मागून गाठायला जातो, तेव्हा शेवटच्या क्षणी त्याच्या नजरेतून नाहीसे होतो.

दुसरे कारण आठवणीचे. धरले की ओझे, धरले की लगाम, धरले की डॉक्टरांची सुई, असा हिशेब घोडा पक्का लक्षात ठेवतो. इंग्लंडमधील ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यांना सकाळी एका माणसाचा रागीट किंवा हसरा फोटो दाखवला. काही तासांनी तोच माणूस निर्विकार चेहऱ्याने समोर उभा राहिला. ज्यांनी रागीट फोटो पाहिला होता, ते घोडे त्याच्याकडे डाव्या डोळ्याने जास्त पाहू लागले. धोक्याची वाटणारी गोष्ट घोडे सहसा डाव्या डोळ्याने न्याहाळतात. फोटोची ही कथा, तर तासभर शिव्या देत पाठलाग करून शेवटी दोन फटके मारणाऱ्या धन्याचा चेहरा ते किती काळ विसरत नसेल!

आणि एक तिसरी शक्यता, जी घाईत हमखास सुटते. रोज शहाण्यासारखे उभे राहणारे तट्टू अचानक टाळायला लागले, तर आधी त्याची पाठ पाहावी. खोगिराखाली लागलेले, एका बाजूला झुकलेल्या ओझ्याने सोललेले, खुरात खडा रुतलेला, दात दुखत असल्याने तोंडाला हात नकोसा झालेला, असे काहीही असू शकते. अशा वेळी धरण्याच्या युक्त्या शिकण्यापेक्षा पशुवैद्यकाला फोन करणे योग्य.

पाठलाग का फसतो?

भरधाव घोडा ताशी ४० किलोमीटरचा वेग गाठतो, त्यामुळे शर्यत आपण हरणारच. पण खरे नुकसान वेगळे आहे. आपण अंगावर धावून जातो, ते पळते, आपण दमून थांबतो. तट्टाच्या दृष्टीने पळाल्यावर त्रास थांबला. म्हणजे आपणच त्याला पळण्याचा धडा दिला, आणि दर सकाळी त्याची उजळणी घेतली.

हाच धडा उलटा फिरवता येतो. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये घोड्यांवर चक्क रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी वापरली. गोल रिंगणात गाडी घोड्याला हलते ठेवी. घोडा तिच्याकडे वळला की ती थांबे. थोड्या वेळात घोडे त्या गाडीकडे वळू लागले. ‘घोड्यांची भाषा’ बोलणाऱ्या प्रशिक्षकांभोवती बरेच गूढ निर्माण केले जाते. ते थोडे उतरवणारा हा प्रयोग. गाडीला कसली भाषा येणार? तिला फक्त योग्य क्षणी थांबता येत होते.

मग प्रत्यक्षात कसे धरायचे?

घाईच्या सकाळी नव्हे, काम नसलेल्या दुपारी सुरुवात करावी. थेट तोंडाकडे न जाता बाजूने, थोडे वळसा घेत, त्याच्या खांद्याच्या रोखाने चालावे. नजर रोखू नये, हात वर करू नयेत, दावे पाठीमागे लपवू नये. लपवलेले दावे त्याला बरोबर कळते. चरणे थांबवून त्याने मान वर केली, कान आपल्याकडे वळवले, की तिथेच थांबायचे. ते उभे राहिले तर एक-दोन पावले मागे सरायचे, थोडे पाठमोरे व्हायचे. चालू लागले तर त्याच गतीने, न धावता, बाजूने चालत राहायचे. ते थांबले की आपणही थांबायचे. पहिल्या दिवशी यात तास-दीड तास सहज जातो. बांधावर बसून पाहणाऱ्यांना हा वेडेपणा वाटतो, त्यांना तो वाटू द्यावा.

जवळ पोहोचल्यावर कपाळ थोपटण्याचा मोह टाळावा. आयाळ संपते तिथे, मान आणि पाठ जुळतात त्या उंचवट्यावर खाजवावे. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. फ्रान्समधील कामार्ग घोड्यांच्या १९९३ च्या अभ्यासात, त्या जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात असे दिसले. मग दावे मानेवर टाकावे, म्होरकी घालावी, मूठभर चंदी द्यावी आणि म्होरकी काढून पुन्हा सोडून द्यावे. असे दिवसातून दोन-तीनदा, आठवडाभर. धरले म्हणजे ओझेच, हा त्याचा जुना हिशेब इथे मोडतो. सोडतानाही त्याचे तोंड आपल्याकडे वळवून, क्षणभर उभे करून मगच म्होरकी काढावी. चापटी मारून पिटाळू नये.

चंदीचे आमिष दाखवावे का?

दाखवावे, पण क्रम महत्त्वाचा. आधी मानेवर दावे, मग घास. आधी घास दिला तर हुशार तट्टू मान लांबवून तेवढा उचलते आणि पसार होते. कळपात तोबरा किंवा बादली घेऊन शिरणे धोक्याचे. खाण्यावरून घोडे एकमेकांना लाथा मारतात आणि मधे माणूस असतो. अशा वेळी आधी कळपातील म्होरकी घोडी धरून चालवू लागावे, एकटे पडण्याच्या धास्तीने बाकीची बहुतेकदा मागे येतात. गूळ, धान्य बेताने द्यावे. एकदम जास्त धान्य पोटात गेले तर पोटशूळ होतो, खुरांच्या आत दाह होऊन घोडा लंगडा होतो.

पायबंद घालून सोडणे योग्य आहे का?

पुढचे दोन पाय आखूड दोरीने जोडायचे, म्हणजे तट्टू चरेल पण लांब जाणार नाही, ही जुनी पद्धत. मराठीतला ‘पायबंद घालणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. कुंपण नसलेल्या माळावर रस्त्यालगत मुक्काम असेल तर तिला सोपा पर्याय नाही, हेही मान्य करायला हवे. मात्र काथ्याची किंवा नायलॉनची दोरी कातडी कापते, तिथे माश्या बसतात, जखम चिघळते. रुंद, मऊ सुती पट्टी वापरावी आणि सकाळी ती सोडून पाय तपासावेत. ओढ्यात पाणी असेल किंवा उतार खडकाळ असेल तिथे पायबंद घालूच नये. म्होरकी रात्रभर तोंडावर ठेवण्याची सवयही अशीच घातक आहे, ती बाभळीच्या फांदीत अडकली तर घाबरलेले जनावर मान मोडेपर्यंत ओढते. ठेवायचीच असेल तर जोरात ताण आल्यावर तुटेल असा एक कच्चा सुती दुवा तिच्यात ठेवावा.

पायबंद असलेली काही तट्टे दोन्ही पाय एकदम उचलत सशासारख्या उड्या मारून बऱ्यापैकी पळायला शिकतात. अशा तट्टाला दोरी आणखी आखूड करण्याने पडून इजा होण्याचा धोका वाढतो. त्याच्यावर काम नसलेल्या दुपारचाच उपाय करावा लागतो, आणि तो दिवाळीनंतर बिऱ्हाड निघण्याआधी, पावसाळ्यात वाडा गावी असतानाच सुरू केलेला बरा.