घड्याळातला एचआरव्ही आणि आपले गैरसमज

गैरसमज : निरोगी हृदय अगदी नियमित ठोके देतं.

नाडी मिनिटाला साठ असली की दर सेकंदाला बरोबर एक ठोका पडतो, असं आपण धरून चालतो. धडधाकट माणसाचा ईसीजी काढून दोन ठोक्यांमधलं अंतर मोजलं, तर ते कधी ९४० मिलिसेकंद भरतं, कधी १०३०, कधी ९८०. हा कमीजास्तपणा म्हणजेच हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही. तो असणं हे चांगल्या तब्येतीचंच लक्षण आहे. मनगटाच्या नाडीवर दोन बोटं ठेवा आणि पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर असं करून पाहा. श्वास घेताना नाडी जरा घाईला येते, सोडताना रेंगाळते. तरुणपणी हा फरक बोटांना सहज कळतो, वय वाढेल तसा पुसट होत जातो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी तो १८४७ मध्येच नोंदवून ठेवला होता.

हृदयाची स्वतःची गती मिनिटाला शंभरच्या आसपास असते. स्वस्थ बसल्यावर ती साठ-सत्तरवर येते, कारण व्हेगस नावाचा मज्जातंतू तिचा लगाम धरून असतो. तो क्षणात आवळतो आणि क्षणात सैल सोडतो. हृदयाला पळवणाऱ्या अनुकंपी यंत्रणेला मात्र परिणाम दाखवायला काही सेकंद लागतात. त्यामुळे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत जो फरक दिसतो, तो मुख्यतः व्हेगसचा. हृदय प्रत्यारोपणात नव्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात. अशा रुग्णाची विश्रांतीतली नाडी नव्वद-शंभरच्या घरात राहते आणि एचआरव्ही जवळजवळ नाहीसा होतो.

गैरसमज : हे स्मार्टवॉच कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे.

मुळीच नाही. पोटातल्या बाळाचा जीव गुदमरू लागला की त्याच्या ठोक्यांचा वेग बदलण्याआधी ठोक्यांमधल्या अंतरात बदल दिसतो, हे १९६०च्या दशकातच लक्षात आलं होतं. १९८७ मध्ये रॉबर्ट क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा एचआरव्ही ५० मिलिसेकंदांच्या खाली होता, त्यांच्या मृत्यूचा धोका शंभराच्या वर असलेल्यांच्या पाचपटीहून अधिक निघाला. मोजणी कशी करावी याचे संयुक्त मानदंड युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १९९६ मध्ये ठरवले.

पण क्लायगर यांच्या अभ्यासातला ‘पन्नास’ हा आकडा आज नको तिथे फिरतो आहे आणि माणसं त्याने उगाच धास्तावतात. ती मोजणी चोवीस तास होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र, लावून झाली होती, तीही नुकत्याच अटॅकमधून उठलेल्या रुग्णांवर. मनगटावरच्या घड्याळाने रात्री टिपलेल्या आकड्याला ती सीमारेषा लागू होत नाही.

गैरसमज : माझा ३२, मैत्रिणीचा ७०, म्हणजे माझं हृदय कमजोर.

सगळ्यात जास्त मनस्ताप या तुलनेने होतो. एचआरव्ही वयाबरोबर उतरतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, काही औषधांनी तो बदलतो. सारख्याच तब्येतीच्या दोन माणसांत दुपटीचा फरक असू शकतो. त्यातून यंत्रं एकच गोष्ट मोजत नाहीत. अ‍ॅपलचं घड्याळ ‘एसडीएनएन’ दाखवतं, म्हणजे त्या वेळच्या सगळ्या अंतरांचा एकूण विखुरलेपणा. गार्मिनची घड्याळं आणि ओराची अंगठी ‘आरएमएसएसडी’ धरतात, म्हणजे लागोपाठच्या अंतरांमधला फरक. एक घड्याळ दिवसात अधूनमधून मोजतं, तर एखादी अंगठी रात्रभर. एकाच माणसाने दोन्ही घातली तरी आकडे जुळणार नाहीत, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील.

तुलना करायची तर स्वतःशीच. गेल्या सात दिवसांची सरासरी गेल्या दोन महिन्यांच्या सरासरीशेजारी ठेवून बघावी. छातीच्या पट्ट्याने सकाळी मोजत असाल तर उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच स्थितीत मोजा. आज पडून आणि उद्या बसून मोजलं तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

गैरसमज : एका दिवसात आकडा कोसळला, काहीतरी बिघडलंय.

रात्री अकराचं जड जेवण, मद्य, अंगात मुरत असलेला ताप, पाळीच्या आधीचे दिवस, रात्रपाळी, आदल्या दिवशीची लांब धाव यांतलं कुठलंही कारण पुरतं. आठवडाभर घसरण टिकली, सोबत विश्रांतीतली नाडीही चढलेली असली आणि अंग मोडून आल्यासारखं वाटत असेल, तर मात्र व्यायाम हलका करावा आणि झोप वाढवावी.

गैरसमज : आकडा जितका मोठा तितकं उत्तम.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके पूर्ण बेताल पडतात आणि एचआरव्ही भलताच मोठा येतो. मध्येच अवेळी पडणारे जादा ठोकेही आकडा फुगवतात. नेहमीचा ४० अचानक १२० झाला आणि तसाच राहिला, तर खूश होण्याऐवजी ईसीजी काढून घ्यावा.

प्राणायामाचंही इथेच सांगायला हवं. मिनिटाला सहा श्वास घेतले की हृदयाचा ताल आणि रक्तदाबाच्या लहरी एका लयीत येतात आणि ठोक्यांमधला फरक खूप वाढतो. लुचियानो बर्नार्डी यांच्या २००१च्या अभ्यासात लॅटिनमधली जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र या दोन्हींनी श्वास त्याच सहाच्या आसपास आला होता. पण श्वास लांबवून घेतलेला तो आकडा त्या श्वासाचा असतो. रोजच्या नोंदीसाठी श्वास नेहमीसारखाच चालू द्यावा. प्राणायाम जरूर करावा, फक्त मोजणी झाल्यावर.

गैरसमज : एचआरव्ही चांगला आहे, म्हणजे हृदय ठणठणीत.

हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. रक्तवाहिनीतला अडथळा एचआरव्हीत दिसत नाही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणं असतील तर घड्याळाकडे न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं, आकडा कितीही हिरवा असो.

मधुमेह असेल तर धोका आणखी वेगळा असतो. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने हृदयाचे मज्जातंतू झिजतात आणि मग अटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नाही. ही झीज ओळखायची साधी तपासणी दवाखान्यात होते. रुग्ण झोपलेला असतो, ईसीजीची पट्टी सरकत असते, आणि तंत्रज्ञ मिनिटभर त्याच्याकडून सहा खोल श्वास करून घेतो. श्वास घेताना नाडी जास्तीत जास्त किती चढली आणि सोडताना कमीत कमी किती उतरली, एवढंच पाहायचं. फरक पंधरा किंवा जास्त असला तर ठीक, दहा किंवा कमी असला तर मज्जातंतू बाधित झाल्याची शंका घेतात. वयस्कर माणसात डॉक्टर वयही लक्षात घेतात. टाइप २ मधुमेहाचं निदान होताच, आणि टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर, ही झीज तपासून घ्यायची असते. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा स्वस्थ बसूनही नाडी शंभरच्या खाली येत नसेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना स्वतःहून विचारा.