प्रा. दि. ब. देवधर : अध्यापन आणि क्रीडानेतृत्व

प्रस्तावना

महाविद्यालयातील वर्ग आणि मैदान हे दोन स्वतंत्र प्रांत आहेत, असे आपण सर्वसाधारणपणे गृहीत धरतो. मैदान शारीरिक शिक्षण संचालकांचे आणि अभ्यासक्रम प्राध्यापकांचा, अशी वाटणी एकदा झाली की सामन्यासाठी गैरहजर राहणारा विद्यार्थी विषयशिक्षकाला केवळ हजेरीपटावरील उणीव वाटू लागतो. प्रस्तुत लेखात प्रा. दिनकर बळवंत देवधर यांच्या कारकिर्दीच्या आधारे या वाटणीचा फेरविचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

महाविद्यालयीन क्रीडाप्रमुख हे पद आधुनिक आहे. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाने १८९२ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक एमॉस अलोंझो स्टॅग यांना शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख नेमले आणि त्यांना अध्यापकाचा दर्जा दिला. भारतात हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वायएमसीएची शारीरिक शिक्षण संस्था सुरू केली. मुंबई प्रांतात कांदिवली येथील शासकीय प्रशिक्षण संस्था १९३८ मध्ये स्थापन झाली. प्रशिक्षित क्रीडाशिक्षकांची ही परंपरा रुजत असतानाच पुण्यात एक संस्कृतचा प्राध्यापक वेगळ्या वाटेने तेच कार्य करीत होता.

देवधरांची कारकीर्द

१४ जानेवारी १८९२ रोजी जन्मलेले देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करीत. १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत अखिल भारतीय संघाकडून त्यांनी १४८ धावा केल्या. त्या दौऱ्यातील भारतीय फलंदाजांच्या कामगिरीने भारताच्या कसोटी दर्जाच्या मागणीला बळ मिळाले. मात्र १९३२ मध्ये भारत पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते. त्यांच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही.

त्यांचे खरे कार्य यानंतरचे आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. विजय हजारे यांची बडोद्याविरुद्धची नाबाद ३१६ धावांची खेळी याच काळातील. स्वतः देवधरांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या, तर १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके झळकावली. १९७३-७४ पासून देवधर करंडक स्पर्धा सुरू झाली. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

विवेचन

या कारकिर्दीतून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, क्रीडानेतृत्व हे अध्यापनाचेच एक रूप आहे. वयाने निम्म्या असलेल्या सहकाऱ्यांसोबत मैदानात उतरणारा कर्णधार केवळ सूचना देत नाही, तर स्वतः उदाहरण घालून देतो. दुसरी, व्यक्तीचा ध्यास ही व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही. प्रत्येक महाविद्यालयाला देवधर लाभत नाहीत. म्हणूनच स्टॅग यांना मिळालेला अध्यापकाचा दर्जा, प्रशिक्षित संचालक आणि नियमित पद यांची आवश्यकता राहते.

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसराच्या संदर्भात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. येथील गुणी खेळाडूंना सरावासाठी वा सामन्यांसाठी मुंबईतील मैदाने गाठावी लागतात. पहाटेची लोकल, सराव, परतीचा प्रवास आणि मग तास, असा त्यांचा दिवस असतो. डोंबिवलीत वाढलेले अजिंक्य रहाणे २०२०-२१ मध्ये ऑस्ट्रेलियात मालिका जिंकणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व करू शकले. तथापि एका यशामागे वाटेतच खेळ सोडणारे किती, याचा हिशेब आपण ठेवत नाही. नॅकच्या पाचव्या निकषासाठी आपण पदकांची संख्या तत्परतेने नोंदवतो. पण पदकापूर्वी बुडालेला तास भरून देण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवत नाही.

निष्कर्ष

खेळाडू विद्यार्थ्यांसाठी पूरक तासिका, अंतर्गत परीक्षेची पर्यायी तारीख आणि विषयशिक्षक व क्रीडा संचालक यांची सत्राच्या आरंभी संयुक्त बैठक, या तीन गोष्टींना फारसा निधी लागत नाही. संस्कृतचा प्राध्यापक महाराष्ट्राचा संघ घडवू शकला. मग आपल्या वर्गातील खेळाडूला परीक्षेत आणि मैदानात एकाच वेळी टिकवून ठेवणे हेही प्राध्यापकाच्या कर्तव्यकक्षेतच येते, असे म्हणता येईल.