जटपुरा ते पठाणपुरा

संध्याकाळची वेळ. जटपुरा गेटपाशी माझी स्कूटर अडकली. पुढे ऑटो, मागे शाळेची बस आणि हॉर्नचा गलका. वैतागून वर पाहिले, तर दगडात कोरलेला, हत्तीवर मात करणारा सिंह! गोंड राजांचे हे राजचिन्ह. चंद्रपुरात आयुष्य गेले, पण त्याच्याकडे निवांत कधी पाहिले होते, ते आठवेना.

दंतकथा सांगते, की खांडक्या बल्लाळशाहाला येथे सशाने कुत्र्याचा पाठलाग केलेला दिसला आणि त्या जागी राजाने नगर वसवले. नगराभोवती सुमारे ११ किलोमीटरचा परकोट, चार दरवाजे, पाच खिडक्या. उत्तरेचा जटपुरा आणि दक्षिणेचा पठाणपुरा यांना जोडणारा रस्ता हाच आमचा राजमार्ग. मधोमध गांधी चौक. तिथून पूर्वेकडे वळावे, तर अंचलेश्वराचे मंदिर आणि शेजारी राणी हिराईने पती बीरशहासाठी बांधलेली समाधी. दरवाजाबाहेर थोड्याच अंतरावर महाकाली. चैत्रात मराठवाड्यातून भाविकांची रीघ लागते ती याच देवीकडे. १७५१ मध्ये भोसले आले, १८१८ मध्ये इंग्रजांनी शहर जिंकले. राज्ये बदलली, पण रहदारी या दरवाजांतूनच चालू राहिली.

बर्लिनच्या ‘उंटर डेन लिंडेन’ या प्रशस्त रस्त्याच्या टोकालाही असाच एक दरवाजा आहे, १७९१ साली पूर्ण झालेला ब्रांडेनबुर्ग. त्याच्याखालून मोटारी धावत. २००२ पासून तेथे मोटारींना मज्जाव आहे. लोक पायी जातात, थांबतात, मुलांना इतिहास सांगतात.

आपल्याकडे कोंडी वाढली, की कुणीतरी हमखास म्हणते, ‘पाडा की थोडी भिंत!’ भिंत एकदा पडली, की पुन्हा उभी राहत नाही. मोटार मात्र वळसा घालू शकते. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’च्या तरुणांनी परकोटावरची झाडोरा-झुडपे आणि कचरा हातांनी काढायला सुरुवात केली, तेव्हा कितीतरी चंद्रपूरकरांना आपला किल्ला पहिल्यांदाच दिसला.

त्या संध्याकाळी कोंडी सुटली. पण पुढच्या रविवारी सकाळी नातवाचा हात धरून मी पायीच निघालो. गेटखाली थांबून तो म्हणाला, ‘‘आबा, हा सिंह आधीपासून इथेच होता?’’

काय सांगणार? सिंह इथेच होता. आम्हीच घाईत होतो.