चिखलणी, लिफ्ट आणि दुधाळ ऑईल

चंद्रपूरच्या धानपट्ट्यात 'एचएमटी' म्हटलं की आधी तांदूळच आठवतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३च्या सुमारास आपल्या पटेल-३ धानाच्या बांधीत काही वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वेगळ्या लावल्या, वाढवल्या आणि तयार झालेल्या वाणाला त्या काळी मनगटावर मिरवल्या जाणाऱ्या घड्याळाचं नाव मिळालं. घड्याळं काढणाऱ्या त्याच सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्सने १९७१पासून हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टरही काढले. ते चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर २५११वर बेतलेले, २५ अश्वशक्तीचे होते. तो ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्र सरकारने २०१६मध्ये मंजुरी दिली. धान आजही पिकतो.

कारखाना बंद झाला म्हणून त्याचे ट्रॅक्टर काही लगेच भंगारात जात नाहीत. एचएमटी, जुनी मॅसी, आयशर, महिंद्राची बी-२७५ या पिढीतली यंत्रं दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती येतात, वर्षभर ट्रॉली ओढतात आणि आषाढात चिखलणीला उतरतात. इंजिनाचा आवाज बदलला की मालकाच्या लगेच लक्षात येतं. हायड्रॉलिक मात्र मुकाट्याने झिजत असतं. रोवणीच्या ऐन गर्दीत, पऱ्हे उपटून तयार असताना, लिफ्ट उचलेनाशी होते आणि मग मिस्त्रीच्या नावाने धावाधाव सुरू होते.

ही लिफ्ट मुळात हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाची कल्पना. त्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे गाडीसारखा ओढला जाई. नांगर दगडाला अडला की मागची चाकं थांबत आणि ट्रॅक्टरचं नाक वर येई. त्यात चालक दगावत. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडून ट्रॅक्टरचाच अवयव केला आणि तो उचलायचं काम तेलाच्या दाबावर सोपवलं. १९३९मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर आणि १९४६पासून त्याच्या स्वतःच्या टीई-२० या करड्या ट्रॅक्टरवर ही रचना जगभर गेली. आपल्याकडची मॅसी फर्ग्युसन त्याच घराण्यातली. आज कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर पाहा, मागे खाली दोन हात आणि वर एक टॉप लिंक दिसेलच.

आत काय चालतं? गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल यांच्यामधल्या पेटीत पंप असतो. जुन्या मॅसीत तो चार पिस्टनचा आणि चक्क तेलात बुडालेला. तो ऑईल ओढून सिलिंडरमध्ये ढकलतो, सिलिंडरचा पिस्टन वरचा आडवा दांडा फिरवतो आणि दोन्ही हात वर येतात. दाब किती? चौरस इंचाला दोन हजार पौंडांच्या घरात. दोन लिव्हरपैकी पोझिशन कंट्रोल अवजार ठरलेल्या उंचीवर धरून ठेवतो. ड्राफ्ट कंट्रोल जमिनीचा जोर ओळखतो. माती कडक लागली की टॉप लिंक दाबली जाते, तिथली स्प्रिंग व्हॉल्व्ह सरकवते आणि नांगर बोटभर वर येतो. यात ना इलेक्ट्रॉनिक्स, ना सेन्सर. चिखलणीला रोटाव्हेटर लावला असेल तर पोझिशनचाच लिव्हर वापरायचा. अनेक जण दोन्ही लिव्हर अंदाजाने हलवत बसतात आणि दोष पंपाला देतात.

या मॅसी घराण्यात गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक हे तिघेही एकाच पेटीतलं ऑईल वापरतात. रचना सुटसुटीत आहे, पण त्यात एकाचं दुखणं तिघांना भोवतं. गिअरचा लोखंडी कीस पंपात जातो, आणि पंपाला नको असलेलं पाणी बेअरिंगलाही गंज चढवतं.

आणि धानाच्या मुलखात पाण्याला काय तोटा? चंद्रपूर-गडचिरोलीत वर्षाला १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस. केजव्हील लावलेला ट्रॅक्टर गुडघाभर चिखलात दिवसदिवस फिरतो. झिजलेल्या अॅक्सल सीलमधून गढूळ पाणी आत शिरतं. त्याहून चोरटी वाट गिअर लिव्हरच्या बुडाशी असते. तिथलं रबरी बूट उन्हाने तडकलेलं असतं, ट्रॅक्टर अंगणात उघड्यावर उभा असतो आणि पावसाची प्रत्येक सर त्या फटीतून थेट पेटीत उतरते. पन्नास-शंभर रुपयांचं रबर बदलायचं राहून जातं आणि हजारोंचा पंप जातो. हा हिशेब इतका सरळ आहे की तो इतक्या ठिकाणी का चुकतो, याचं नवल वाटतं.

पाणी शिरलंय हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. गेज बाहेर काढून पाहावं. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी घुसळलं गेलंय. त्याआधीच पकडायचं असेल तर ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा ठेवावा. पाणी ऑईलपेक्षा जड, ते तळाला बसतं. सकाळी इंजिन सुरू न करता खालचा ड्रेन बोल्ट दोन-चार आटे सैल करावा, पूर्ण काढू नये. पहिली धार काचेच्या बाटलीत धरावी. पाणी असेल तर तेच आधी येतं. शंका उरलीच तर जुन्या पत्र्याचा तुकडा तापवून त्यावर ऑईलचा एक थेंब टाकावा, अर्थात घराबाहेर आणि डिझेलपासून दूर. फोडणीत ओला कढीपत्ता पडल्यासारखं तडतडलं, तर निदान पक्कं.

दुधाळ ऑईल एकदा बदलून भागत नाही. गिअरच्या खोबणीत, पेटीच्या कोपऱ्यात ते चिकटून राहतं आणि नव्यालाही पांढरं करतं. म्हणून पहिल्या वेळी स्वस्त पण योग्य जातीचं ऑईल भरून थोडा वेळ लिफ्ट वर-खाली करावी, ते गरम असतानाच सोडून द्यावं, चाळणी असेल तर धुवावी आणि मग कायमचं भरावं. डिझेलने धुण्याची पद्धत सर्रास आहे. पण आत राहिलेलं डिझेल नवं ऑईल पातळ करतं, हे ध्यानात घ्यावं.

चंद्रपूरचा उन्हाळा ही दुसरी परीक्षा. पारा ४५ अंशांपुढे जाणं इथे नवं नाही. तापलेलं ऑईल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपाच्या, सिलिंडरच्या फटींतून मागे निसटतं. सकाळी मुकाट उचलणारी लिफ्ट दुपारी हात टेकते, याचा अर्थ बहुधा हाच. मग कुणी तरी जाड ऑईल टाकायचा सल्ला देतो. चार दिवस बरं वाटतं, झीज मात्र तशीच राहते. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचंच ऑईल घालावं. डिफरन्शियलसाठी म्हणून मिळणाऱ्या काही कडक ऑईलमधली रसायनं पितळी आणि काशाच्या बुशांना खातात, हेही दुकानात विचारून घ्यावं.

रोग पंपाचा की सिलिंडरचा, हे ओळखायची एक जुनी रीत आहे. अवजार पूर्ण उचलावं, इंजिन बंद करावं आणि लांब उभं राहून पाहावं. ते भराभर खाली आलं, तर सिलिंडरची सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. धरून राहतं पण उचलताना रडतं, तर संशय पंपावर. झटके देत उचलत असेल, तर आधी ऑईलची पातळी पाहावी, कारण ते कमी असलं की पंप हवा ओढतो. पातळी अधिक झाली तरी पंचाईत. जादा ऑईल अॅक्सलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये झिरपतं आणि जुन्या कोरड्या ब्रेकला ऑईल लागलं की ते धरत नाहीत.

उचललेल्या अवजाराखाली हात घालून कुणी पाना फिरवत असेल तर त्याला हाकलून काढावं. काम करण्याआधी अवजार जमिनीवर टेकवायचं. नळीतून बारीक फवारा उडत असेल तर बोटाने चाचपायचं नाही, पुठ्ठा धरून पाहायचं. त्या दाबाचं ऑईल कातडीतून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. अशा वेळी गावठी उपायात तास घालवू नयेत, थेट दवाखाना गाठावा.

बाकीच्या पातळ पदार्थांबद्दल थोडक्यात. जुन्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर ऑईलच्या वाटीचा असतो. खाणींच्या आणि मुरमाच्या रस्त्यांवरच्या धुळीत ती वाटी आठवड्यातच गाळाने भरते. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी घातलं की क्षार साचतात, त्यापेक्षा कुलंट बरं. डिझेलची टाकी संध्याकाळी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्री ओल धरते.

ऑईल किती तासांनी बदलायचं? पुस्तिका पेटीच्या ऑईलसाठी बहुधा हजार तासांच्या आसपासचा आकडा देतात. पण जुन्या ट्रॅक्टरचं तासांचं मीटर केव्हाच बंद पडलेलं असतं, आणि तो आकडा चिखलात फिरणाऱ्या यंत्राला पुरेसाही नाही. मृगाआधी एकदा आणि चिखलणी संपल्यावर एकदा तळाचं पाणी तपासावं. दुसरी तपासणी बहुतेक जण टाळतात आणि पाणी दिवाळीपर्यंत आत गंज चढवत बसतं.

उरला सोडलेल्या ऑईलचा प्रश्न. थोडं लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासलं जातं, बाकीचं धुऱ्यावर ओतलं जातं. पूर्व विदर्भात बांधीचं पाणी पुढच्या बांधीत, तिथून नाल्यात आणि खालच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात जातं. त्याच तलावात मासे असतात आणि गुरं पाणी पितात. वापरलेलं ऑईल नियमाने घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. तेव्हा ते झाकणाच्या डब्यात साठवा, तालुक्याच्या गॅरेजवाल्याला अशा ठिकाणी पाठवायला सांगा आणि डब्यावर खडूने तारीख टाका. मीटर बंद असलेल्या ट्रॅक्टरला पुढचं ऑईल कधी बदलायचं, ते त्या तारखेवरून कळेल.