मूळ केसपेपर की झेरॉक्स?

दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला जाताना रुग्ण केसपेपरची झेरॉक्स नेतो. तिच्यावर खाडाखोड झाली तरी मूळ कागद शाबूत राहतो. मूळ कागदच हाती दिला तर तो बिघडू शकतो. संगणकाच्या प्रोग्राममध्येही हाच धोका असतो.

प्रोग्रामचा एक भाग दुसऱ्याकडे काम सोपवतो, तेव्हा त्याला माहितीची प्रत देतो किंवा ती मेमरीत जिथे आहे तो पत्ता देतो. पत्ता देणे झटपट होते, पण पत्ता मिळालेला भाग मूळ माहितीच बदलू शकतो. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेच्या जुन्या आवृत्त्यांत तर आकडेही पत्त्यानेच पाठवले जात. एखाद्या उपप्रोग्रामने त्या जागी दुसरा आकडा लिहिला, तर पुढे प्रोग्राममध्ये ४ लिहिलेले असूनही संगणक ५ धरून हिशेब करी!

आज ही चूक वेगळ्या रूपात भेटते. समजा, मधुमेही रुग्णाची सात दिवसांची उपाशीपोटीची साखर अशी आहे: १८६, १६८, १७२, १४५, १३८, १२४, ११६. औषध लागू पडते आहे. मधला आकडा काढण्यासाठी प्रोग्राम ही यादी चढत्या क्रमाने लावतो. उत्तर १४५, अगदी बरोबर. पण पायथन भाषेतील ‘सॉर्ट’ ही आज्ञा मूळ यादीचाच क्रम बदलते. त्यानंतर आलेख काढला की साखर ११६ वरून १८६ पर्यंत चढलेली दिसते. त्यावर विसंबून औषधाचा डोस वाढवला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी.

प्रोग्राम कुठे अडत नाही, चुकीचा इशाराही देत नाही. आकडे तेच, सरासरी तीच. हरवतो तो फक्त दिवसांचा क्रम. म्हणूनच ही चूक सहज नजरेत भरत नाही.

उपाय सोपा आहे. पायथनमधील ‘सॉर्टेड’ ही आज्ञा नवी यादी करून देते आणि मूळ यादी तशीच ठेवते. प्रत्येक आकड्याला तारीख जोडलेली असावी. चाचणीत उत्तराबरोबर मूळ नोंदही तपासावी. रुग्णांनीही साखरेची वही तारखेसह लिहावी. मोबाइलवरचा आलेख आणि वही यांचा मेळ बसत नसेल, तर डोस बदलण्याआधी दोन्ही डॉक्टरांना दाखवावे.