दगड झालेले हाड

तीर्थपुरीच्या शिवारात नांगरट झाली, की एखादं पोरगं ढेकळांतून दगड वेचीत फिरते. त्याने पुस्तकात डायनासोरचे चित्र पाहिलेले असते. हत्तीहून थोर जनावर! मग वाटोळा दगड दिसला, की ते ओरडत येते, "बाबा, हे अंडं बघा!"

त्याला हसू नका. पण तो दगड म्हणजे अंडे का नव्हे, ते पाहा.

आपल्या जालना जिल्ह्यातला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भुईला भेगा पडल्या. वितळलेला दगड काकवीसारखा बाहेर आला, पसरला आणि थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. विहीर खणताना काळ्या दगडात मध्येच तांबडा थर लागतो ना? दोन लोटांच्या मधल्या काळात खालच्या दगडाची माती झाली, तीच ती. अशा रसात हाड कसले टिकणार? रसातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे भरून आल्या. त्या झाल्या गारगोट्या. पोराच्या हातात बहुधा तीच असते.

हाड टिकते ते गाळात. जनावर मेले, वर गाळ बसला. हाडाला बारीक छिद्रे असतात. पाण्यात विरलेले क्षार त्यांत भरत जातात आणि हाडाचा दगड होतो. याला जीवाश्म म्हणतात.

असा जुना गाळ चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात, पिसदुरा गावी आहे. तिथे डायनासोरची हाडे मिळाली, आणि दगड झालेली विष्ठाही. शेणच म्हणा की! २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की तिच्यात गवताचे अंश आहेत. तोवर समज असा, की त्या काळी गवत नव्हतेच.

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात तर वाटोळा दगड खरोखरच अंडे निघाला. पाडल्या गावचे लोक अशा दगडांना शेताचा राखणदार भैरव म्हणून पूजत. ती डायनासोरची अंडी, हे २०२३ साली कळले.

मग तीर्थपुरीच्या पोराने काय शोधावे? गोदावरी जवळच आहे. तिच्या जुन्या काठात वाळू-गोट्यांचे घट्ट थर दिसतात. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरला गोदावरीच्या अशाच जुन्या गाळात हत्तीची कवटी मिळाली. हत्ती डायनासोरच्या फार नंतरचा, हे खरे. पण आज गोदाकाठी रानहत्ती आहे का? एके काळी होता, हे त्या कवटीनेच सांगितले.

हाडासारखे काही दिसले, तर उपटू नका, फोडू नका. ते कोणत्या थरात होते, यावरूनच त्याचे वय ठरते. जागेवरून हलले, की निम्मी माहिती गेली. गट नंबर आणि खोली वहीत लिहा. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजातल्या मास्तरांना कळवा. आणि पोराला दरडीखाली एकट्याने खणू देऊ नका. पावसाळ्यानंतर ती दरड पोकळ झालेली असते, बरं का.